ॲम्प गरम आला पाहिजे

बारक्याला बारक्या म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे त्याचा दादा. बाकी सगळ्यांचा तो काका झाला होता. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, केस मागे हटलेले, कंबर रोज नवी तक्रार घेऊन उठायची. अशा देहाला बारक्या म्हणणं ही शुद्ध थट्टा होती, पण दादाला ती थट्टा वाटतच नसे. त्याच्या लेखी धाकटा भाऊ अजून गिटारएवढाच उंच होता.

बारक्या गिटार वाजवायचा. मोठा कलावंत वगैरे काही नाही. दर रविवारी दुपारी एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये चौघांचा बँड वाजायचा, त्यातली गिटार त्याची. लोक सूप पीत, मुलांना दटावत, काट्याचमच्यांचा खडखडाट करत आणि मध्येच कुणाला आठवण झाली तर टाळ्या वाजवत. इतर दिवशी तो शिकवण्या घ्यायचा. लग्नाच्या भानगडीत पडला नाही. वरच्या मजल्यावर त्याची खोली, जेवायला खाली दादा-वहिनींकडे.

दादा रेडिओ दुरुस्त करायचा. व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, पण दादाच्या डोक्यातून व्हॉल्व्ह काही गेले नाहीत. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या छोट्या बाटल्या. आत तार लालसर तापते आणि मग त्यातून आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. बारक्या पहिल्यांदा बँडमध्ये शिरला तेव्हा दादाने त्याला असा गिटारचा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, स्वतः बांधून दिला. वर व्हॉल्व्हचं जड हेड, खाली स्पीकरची पेटी. हेडमधला ट्रान्सफॉर्मरही त्याने हाताने गुंडाळला होता. तारेचे वेढे मोजताना चुकू नये म्हणून घरात कुणी बोलायचं नाही असा हुकूम होता, आणि वहिनी तेव्हा नवी नवरी. तिला वाटलं, या घरात सगळे रुसलेत.

तेव्हापासून दोघा भावांचा एक शिरस्ता पडला होता. स्पीकरची पेटी हॉटेलातच राहायची. बारक्या वाजवून हेड घेऊन घरी आला की दादा आधी त्याच्या जाळीवर तळवा टेकवायचा. "गरम आलाय," म्हणायचा. भावाला कसा आहेस वगैरे विचारायची त्याला गरज वाटत नसे. मग "कसा वाजला?" हा प्रश्न. बारक्या सांगायचा, खालचे सूर जरा फुगतायत, वरचे टोचतायत, आणि आठवडाभर दादा तो उघडून त्याची दुखणी काढत बसायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तळवा. यातच दोघांचं आयुष्य गेलं, आणि दोघांनाही ते पुरेसं वाटत होतं.

मग दादाची फुप्फुसं गेली. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं सोल्डरिंगचा धूर नाकात घेतलात त्याचं हे फळ. दादा म्हणाला, डॉक्टरला काय कळतंय. पण दुकान बंद झालं, दुकानातलं टेबल घरात खिडकीशी आलं, आणि नाकात नळी घालून दादा खुर्चीला खिळला. ऑक्सिजनचं मशीन दिवसभर कोपऱ्यात धापा टाकायचं. ॲम्प उघडायचा झाला की वहिनी ते मशीन बंद करून आतल्या खोलीत ढकलून ठेवायची, कारण ऑक्सिजनजवळ तापलेलं सोल्डरिंग आयर्न म्हणजे घराला काडी लावणंच. नळी काढून, आपल्या मोडक्या दमावर दादा एक वायर जोडायचा, मग टेबलाला धरून धापा टाकायचा, मग दुसरी. तीन वायरी झाल्या की ओठ निळे पडायचे. वहिनी दारात उभी राहून बघायची आणि काही बोलायची नाही, कारण नाही म्हटलं तर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

हॉटेलात नवा मॅनेजर आला आणि सगळं बिनसलं. त्याला स्टेजवर ॲम्प नको होते. गिऱ्हाइकांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही म्हणे. बँडची गायिका बँडची म्होरकीही होती. तिने कुठून तरी एक डिजिटल प्रोसेसर आणला. जेवणाच्या डब्याएवढा. त्यात म्हणे तऱ्हेतऱ्हेच्या ॲम्पचे आवाज हुबेहूब भरलेले, आणि वायर थेट हॉलच्या स्पीकरला.

"त्यात जीव नसतो," बारक्या म्हणाला. असं म्हणायची त्याला सवय होती.

"काका, मला पटतंय हो तुमचं," गायिका म्हणाली. "पण मॅनेजरला पटायला पाहिजे ना. तो म्हणतो, एक तर ॲम्प राहील नाही तर बँड. एकदा वाजवून तर बघा."

बारक्याने वाजवून बघितलं. डोळे मिटून, खोट काढायच्या तयारीनेच. एक खोट सापडलीही. तार जोरात छेडली की दादाचा ॲम्प बोटांना उलट रेटा द्यायचा, हा डबा नुसतं ऐकून घ्यायचा. पण तिसऱ्या गाण्यापर्यंत बारक्या ते विसरून गेला. सूर कुठे फुगत नव्हता, कुठे टोचत नव्हता. स्टेजवर जड हेड चढवावं लागलं नव्हतं, कंबर मोकळी होती. घरी निघताना त्याला आपला राग आला, कारण त्याला वाजवताना मजा आली होती.

त्या दिवशी सवयीने त्याने ॲम्प गाडीत घातला होता आणि तो तसाच परत आणला होता. दादाने तळवा टेकवला.

"गार?"

"आज... गाण्याला गिटारच नव्हती रे फारशी," बारक्या काहीतरीच बोलून गेला.

दादाने हात मागे घेतला. त्या आठवड्यात टेबलाजवळ गेला नाही, जेवणही अर्धंच टाकू लागला. वहिनीने बारक्याला जिन्यात गाठलं तेव्हा त्याने तिला सगळं सांगून टाकलं.

"ह्यांना नका सांगू, भाऊजी," ती म्हणाली. "तो ॲम्प गेला म्हणजे ह्यांच्याकडे उरलंच काय? माझं तोंड बघत बसणार?"

"मग करू काय, वहिनी?"

"ते मला नका विचारू. पण गार आणू नका."

म्हणून बारक्या गरम आणू लागला. हॉटेलात स्टेजमागे टेबलक्लॉथ आणि जादा खुर्च्या ठेवायची खोली होती. तिथे तो ॲम्प लावायचा, बटण चालू करायचा आणि बाहेर जाऊन डब्यावर वाजवायचा. आत ॲम्प एकटाच तापत राहायचा. निघताना हेड चादरीत गुंडाळून गाडीत ठेवायचं आणि गाडी हाणत घरी यायचं. दादा तळवा टेकवायचा, "गरम आलाय," म्हणायचा, आणि वहिनी स्वयंपाकघरात पटकन नळ सोडायची.

"कसा वाजला?" याचंही उत्तर लागायचं. सुरुवातीला बारक्या "झकास" म्हणाला. पण झकास ॲम्पला दुरुस्ती कसली? दादा पुन्हा हात बांधून बसला. तेव्हा जेवण वाढता वाढता वहिनीच हळूच म्हणाली, "भाऊजी, मागच्या वेळी काही आवाज येतोय म्हणत होतात ना?" आणि बारक्याच्या तोंडून निघून गेलं, "हो. खरखर येते. वरच्या सुरांवर."

त्या खरखरीने दादाला उठवून बसवलं. त्याने हेड उघडलं, भिंग लावलं. मशीन आतल्या खोलीत गेलं, नळी निघाली. दिवसच्या दिवस तो एकेक भाग काढून बदलत होता, बोटं भाजून घेत होता. एकदा खोकल्याची अशी उबळ आली की वहिनीला नळी नाकात घालता येईना. वरच्या खोलीत शिकवणी घेणाऱ्या बारक्याला तो खोकला ऐकू येत होता. आपण उठून खाली जावं आणि खरं सांगावं, असं त्याला वाटलं. पण समोर विद्यार्थी होता आणि जायला धीरही नव्हता. शेवटी एका सकाळी दादाने त्याला हाक मारली. टेबलावर एक इवलासा भाग ठेवला होता.

"हा बघ चोर," दादा म्हणाला. कित्येक महिन्यांत त्याचा चेहरा असा उजळला नव्हता. "कुणाला सापडला नसता. लाव आता, बघ खरखर येते का."

पुढच्या रविवारी बारक्याने घरी येऊन सांगितलं, "गेली रे दादा. साफ गेली." दादा त्या दिवशी दोनदा भात मागून जेवला. बारक्याला वाटलं, आपण पाप करतोय ते निदान कुणाच्या अंगी तरी लागतंय.

असं ते चाललं होतं, आणि चाललंही असतं. एका रविवारी हॉटेलात कसलीशी मोठी पार्टी होती. मागच्या खोलीत टेबलं रचून ठेवली होती आणि कुणीतरी स्पीकरची पेटी त्यांच्या पलीकडे, भिंतीशी सारून टाकली होती. ती काढायची म्हणजे अर्धी खोली रिकामी करावी लागली असती. बाहेर गायिका हाका मारत होती. बारक्याने विचार केला, वाजवायचं थोडंच आहे, नुसता तापवायचा आहे. स्पीकर कशाला लागतोय? त्याने नुसत्याच हेडचं बटण दाबलं.

व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकरशिवाय चालू करायचा नाही, हे दादाने त्याला पहिल्याच दिवशी कान धरून शिकवलं होतं. आवाजाला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तो आतल्या ट्रान्सफॉर्मरला खातो. पण बारक्याच्या डोक्यात तो नियम वाजवताना पाळायचा होता, आणि तो तर वाजवत नव्हता. घाईत त्याने जुन्या सवयीने हेडला गिटारची वायरही खोचली होती. तिचं दुसरं टोक फरशीवर मोकळं पडलं होतं. एरवी तो आवाजाचं बटण शून्यावर आणून ठेवायचा, आज ते वर चढलेलंच राहिलं. त्या उघड्या टोकातून विजेची घरघर आत शिरत राहिली आणि मोठी होत राहिली. पण स्पीकरच नव्हता, म्हणून ती कुणालाच ऐकू आली नाही. बाहेर बारक्या डब्यावर छान वाजवत होता. वेटर त्याला बोलवायला धावत आला तोवर मागच्या खोलीत करपल्याचा धूर भरला होता.

घरी येताना बारक्याने चार थापा जुळवल्या आणि चारही टाकून दिल्या. दादाने तळवा टेकवला. तळवा टेकवण्याआधीच त्याला वास आला होता.

"उघड," तो म्हणाला.

"दादा, उद्या बघू. आज तुला..."

"उघड म्हटलं ना."

बारक्याने स्क्रू काढले. दादाने हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता, वरचा कागद जळून गेला होता. दादाने त्याच्यावरून बोट फिरवलं, बोट काळं झालं. आता तसा दुसरा गुंडाळणं या हातांनी होणार नव्हतं, आणि ते त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

"स्पीकर लावला नव्हता?"

"वायर निसटली असेल रे. वाजवता वाजवता."

"वाजवता वाजवता निसटली तर आवाज बंद पडतो, बारक्या. तू लगेच बटण बंद केलं असतंस. इतका गाढव तू नाहीस." दादाने दम घेतला. "हा सावकाश जळलाय. कुणी जवळ नव्हतं."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. बारक्याने तिच्याकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. मग तो बोलला. मॅनेजर, डबा, टेबलक्लॉथची खोली, चादर, सगळं. बोलताना त्याला रडू येत होतं आणि त्याने ते आवरलं नाही. "तुझ्यासाठीच केलं रे," असंही म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला त्याची लाज वाटली.

दादा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"डब्याचा आवाज चांगला आहे?" त्याने विचारलं.

"चांगला आहे."

"मग चांगलंच आहे की. कंबरेलाही बरं." त्याने नाकातली नळी नीट केली. मग कपाळाला आठी घालून, हिशेब जुळत नसल्यासारखं तो म्हणाला, "थांब. तेव्हापासून तू हा वाजवलाच नाहीस?"

"नाही."

"मग ती खरखर?"

वहिनी म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना आता," पण दादा तिच्याकडे बघत नव्हता.

"खरखर नव्हती," बारक्या म्हणाला.

"नव्हती कशी? मला सापडली ती." दादाने भाजलेली बोटं पुढे धरली. "मी शोधून काढली. तो भाग खराबच होता, मी तपासला होता, मला चांगलं..." तो थांबला. दम लागला म्हणून नव्हे. बोटांकडे बघत राहिला, आणि मग दुकानातून आणलेल्या टेबलाकडे, हत्यारांकडे. आयुष्यभर लोक त्या टेबलावर रेडिओ ठेवून जायचे, आणि दादा म्हणायचा, सापडला चोर.

"बारक्या," त्याने अगदी हळू विचारलं, "आयुष्यभर मला अशाच सापडल्या असतील का रे?"

"नाही रे दादा. असं नाही. शपथ घेऊन सांगतो, तू हात लावलेलं सगळं चांगलंच वाजायचं."

दादाने मान हलवली, पाहुण्यांच्या बोलण्यावर हलवतात तशी. बारक्या खरंच सांगत होता. पण कसं वाजलं हे त्याने सांगायचं आणि दादाने मानायचं, ते दिवस त्या घरातून संपले होते.