पडताळा अक्का

आमच्या अक्कानं कधी कुणा माणसाला आडनाव विचारलं नाही, पण वेबसाइटला विचारल्याशिवाय सोडलं नाही. अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. सावद्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आणि मोबाइल घेऊन बसली. आम्हाला वाटलं, आता फुलांची सुप्रभात पाठवत बसेल. कसलं काय! बाईनं थेट इंटरनेटचाच वर्ग घ्यायला सुरुवात केली.

घरच्या ग्रुपवर कुणी लिंक टाकली रे टाकली, की अक्काचा एकच शब्द यायचा, ‘पडताळा?’ उत्तराखाली पडताळा नसला की ती शाळेत मार्क कापायची, तोच खाक्या इथेही. पत्त्यातल्या शेवटच्या टिंबाच्या अलीकडचा शब्द म्हणजे साइटचं आडनाव, ते आधी बघायचं, बाकी मिरवायला कुणी काहीही लावतं, असं तिचं शिकवणं. बाबा एकदा म्हणाले, अगं पण तिथे कुलपाचं चित्र आहे ना, म्हणजे सुरक्षितच की. अक्का मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कुलूप चोराच्या घरालाही असतं, भाऊ.”

जाहिराती अडवणारी जाळी तिनं अख्ख्या गल्लीच्या मोबाइलांत बसवून दिली, दाराला डासांची जाळी बसवावी तशी. पासवर्ड चांगला लांबलचक, फक्त आपल्यालाच माहीत असेल असा ठेवा, हेही घरोघर जाऊन सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून बायका आपापला नवा पासवर्ड कौतुकानं तिला सांगायला यायला लागल्या, तोही अंगणातून ओरडून. अक्का दोन्ही कानांत बोटं घालून घरात पळायची.

अशा बाईच्या भाचीचं लग्न सरळ कसं जमणार? मला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा प्रशांत, ट्रॅक्टर दुरुस्तीचं स्वतःचं वर्कशॉप. बायोडाटा आणि फोटो मोबाइलवर आले, आम्ही काही वेळा फोनवर बोललो आणि खरं सांगते, मी पार विरघळले. बाबांनी पाहुण्यांना मळ्यात भरताच्या जेवणालाच बोलावलं. अक्काला फोटो दाखवायचं मात्र मी मुद्दाम टाळलं होतं. ती काय करेल हे मला ठाऊक होतं.

त्या सकाळी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली आणि धुरात डोळे चोळत अक्कानं आईच्या मोबाइलवरून तो फोटो इमेज सर्चमध्ये टाकलाच. तोच चेहरा आणखी दोन ठिकाणी निघाला. एका सलूनच्या पानावर तो ‘नवरदेव पॅकेज’वाला राहुल होता, एका क्लासच्या पानावर यशस्वी विद्यार्थी अमोल. आमचा तर प्रशांत! बाबांचा पारा चढला. फोन करून पाहुण्यांना वाटेतूनच परत पाठवा म्हणाले. मी केळीच्या बागेत शिरले आणि मनसोक्त रडले.

अक्का माझ्या मागे आली. “उत्तर आलंय, पडताळा राहिलाय,” म्हणाली आणि पाहुणे पोचेपर्यंत कुणी फोन करायचा नाही अशी बाबांना तंबी दिली. मग तिथेच बांधावर बसून हा फोटो सगळ्यात आधी कुठे आला ते शोधत राहिली. सापडलं धुळ्यातल्या एका फोटो स्टुडिओचं पान. तिनं तिथल्या नंबरावर फोन लावला. स्टुडिओवाले चाचा मोठ्यानं हसले. पोरगा पासपोर्ट फोटोला आला होता, चेहरा देखणा वाटला म्हणून त्यांनी नमुन्यादाखल पानावर लावला, तिथून कोण कोण उचलून नेतं त्याला ते तरी काय करणार! खुशीत येऊन त्यांनी बाकीचे फोटोही पाठवले, एकात स्वारीचे डोळे चक्क मिटलेले. मी रडता रडता हसायला लागले.

तरी पाहुणे टेकल्याबरोबर अक्कानं मोबाइल सगळ्यांसमोर धरलाच. राहुल, अमोल, प्रशांत. मुलगा बघतच राहिला. त्याच्या आईनं मोबाइल हातात घेतला, तिन्ही फोटो नीट न्याहाळले आणि शांतपणे अहिराणीत म्हणाली, “मना पोऱ्या एकच शे, बाई.”

मळा हसण्यानं दणाणला. वांगी जरा जास्तच जळली होती, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. मग प्रशांत हळूच म्हणाला की त्यानंही माझं नाव शोधलं होतं, तर शाळेतल्या रांगोळी स्पर्धेची एक बातमी तेवढी मिळाली, तीही उत्तेजनार्थ. मी लाजेनं लाल. अक्का मात्र जाम खूश.

“याच्याशीच कर,” ती मला म्हणाली. “हा पडताळा करतो.”

लग्नानंतर तिनं आमच्या दोघांच्या नावांचा अलर्ट लावून ठेवला होता. नेटवर कुठेही आमचं नाव झळकलं की तिला खबर जायची आणि आम्हाला कळायच्या आधी तिचा फोन यायचा. गेल्या वर्षी अक्का गेली. तो फोन बंद झाला. फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. प्रशांतनं मला न सांगता आपल्या मोबाइलवर तिच्या नावाचा अलर्ट लावला.

परवा तो वर्कशॉपमधून तसाच काळ्या हातांनी पळत घरी आला. अक्काचं नाव आलं होतं. पहूरच्या कुठल्याशा शाळेच्या गणित स्पर्धेत पहिली आलेली कुणी मुलगी, नाव तेच, आडनाव तेच. आम्ही दोघं वेड्यासारखे नाचलो. मग सवयीनं त्याचं काळं बोट त्या बातमीकडे वळलं, उघडून बघायला.

“राहू दे,” मी त्याचा हात धरला. “आज पडताळा नको.”