गाठीचा ताप

"ताप हाय," असं तो म्हणायचा, अन् ते माणसाबद्दल नसायचं. कापसाच्या गाठीला उलटा हात लावून, लेकराचं कपाळ बघावं तसा, डोळे मिटून उभा राहायचा.

छावणीच्या पलीकडं एका शेठच्या गोदामावर तो राखणदार होता. मूळचा कन्नड तालुक्याकडचा, मेंढरांमागं वाढलेला. बायको आमच्या गावची, म्हणून मी त्याला दाजी म्हणायचो अन् तो मला मेव्हणं. मी आगीच्या बंबावर पाइप धरायचो. पोलिस ॲक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसला जन्मलेला मी, शाळा दुसरीपर्यंत. पण विस्तवातलं मला साहेबापेक्षा जास्त कळतं, असं छातीवर हात मारून सांगायचो.

कापसाची गाठ आतून जळते. तुम्ही शेजारी बसून भाकर खाल, तरी कळायचं नाही. दाजीला कळायचं. आधी तो भिंतीवरची घंटी दाबायचा, ती आमच्या बंबाच्या ठाण्यात वाजायची. मग लोखंडी आकड्यानं गाठ ओढून बाहेर आणायचा, फाडायचा, पाणी ओतायचा. आम्ही पोचेस्तोवर आग खलास.

"आग कुठंय?" साहेब विचारायचे.

"इझली की, साहेब."

"मग बंब कशाला बोलावला? तुला आंघोळ घालायला?"

सगळे हसायचे. मीही. साहेब वहीत लिहायचे: खोटी वर्दी.

कायदा असा, की वर्षात तीन खोट्या वर्द्या झाल्या की गोदामाची घंटी तोडायची. दोन झाल्या होत्या. शेठनं बजावलं, तिसरी झाली तर फाटकाजवळची खोली रिकामी करायची. त्या खोलीत दाजीची बायको दम्यानं रात्र रात्र बसून काढायची. मला दादा म्हणायची.

"मेव्हणं, हिला घेऊन कुठं जाऊ?" दाजीनं विचारलं. "खोटं नाय बोललो मी कधी."

"दाजी, तुम्ही लई घाई करता. पुढच्या खेपेला घंटी दाबा अन् हात बांधून बसा. साहेबाला जाळ दिसू द्या. मग कोण खोटं म्हणतंय?"

"पसरली तर?"

"मी हाय ना! आग तुम्हाला कळती का मला?"

उन्हाळ्यात, भर दुपारी घंटी वाजली. आम्ही निघालो तर रेल्वेचं फाटक लागलेलं. मालगाडी सरता सरेना. पोचलो तेव्हा गोदामाचे पत्रे लाल झाले होते. दाजी दारासमोर. पुढ्यात दोन भरलेल्या बादल्या, हात छातीशी बांधलेले.

"बघा साहेब, हात लावला नाय मी. दिसती ना? आता तरी दिसती ना?"

साहेबांनी लिहिलं: खरी वर्दी.

गोदामाची राख झाली. शेठनं विचारलं, "पाणी भरलेलं होतं, मग ओतलं का नाहीस?"

दाजीनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी पाइप गुंडाळत होतो.

"चुकलं, शेठ," तो म्हणाला. माझं नाव त्यानं घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

दोघांना कन्नडच्या एस.टी.त बसवायला मी गेलो. बायको खिडकीशी तोंड नेऊन श्वास ओढत होती. आपलं चुकलं, एवढं दोन शब्दांचं बोलणं, पण मी त्यांचं गाठोडं वर चढवत राहिलो. गाडी सुरू झाली. दाजीनं खिडकीतून हात काढला अन् उलटा करून माझ्या कपाळाला लावला.

"ताप हाय, मेव्हणं."

"उन्हाचा असंल," मी म्हणालो.