हिसाए मुकाईची कुलूपबंद डायरी

हिसाए मुकाईला संशय घ्यायला कारण लागत नसे. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात मात्र तिला कारणही मिळालं.

ती विम्याची बाई होती. हिगाशी-ओसाकात नट-बोल्टचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, आणि जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली की या बाया बॅग घेऊन आत शिरतात. लिमलेटच्या गोळ्या वाटतात, कॅलेंडरं देतात, कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं ऐकून घेतात. विम्याचा विषय निघायला कधी कधी सहा वर्षं लागतात. छत्तिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा हिसाएने बॅग खांद्याला लावली, आणि आता ती पंचावन्नची होती. त्या दिवशी ती हामागुचींच्या स्क्रूच्या कारखान्यात त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांच्या वाढदिवसाला केक घेऊन गेली. दात नसलेल्या माणसाला चालेल असा, मऊ.

"अगंबाई, मुकाई-सान!" हामागुचींची बायको म्हणाली. "परवाच तर तुमचं कार्ड आलं. आता केकही?"

"माझं कार्ड?"

"तुमच्याच कंपनीचं. मामंजींनी दोन दिवस देव्हाऱ्यापाशी ठेवलं होतं."

"खाली नाव कुणाचं होतं?"

"ते कोण बघतं! गेलं रद्दीत."

हिसाए हसली, केक दिला, बाहेर आली आणि सायकलला टेकून उभी राहिली. तिने कार्ड पाठवलं नव्हतं. म्हाताऱ्यांची तारीख आख्ख्या ऑफिसात फक्त तिच्याकडे होती. तिच्याकडे म्हणजे तिच्या डायरीत.

ही डायरी कागदाची नव्हे. त्या दहा वर्षांत ओसाकात ज्याच्या खिशात डिजिटल डायरी नाही तो माणूस कामाचा नाही असा समज होता. पाकिटासारखी उघडायची, आत वाटाण्याएवढी बटणं आणि राखाडी पडदा. दर बटणाला टिक् असा आवाज. हिसाएने ती पहिल्या मोठ्या बोनसमधून घेतली, आणि रोज संध्याकाळी चहा गार होईपर्यंत एकेका बोटाने दिवसभरातली माणसं तिच्यात भरली. सहाशे बारा माणसं. नाव, वाढदिवस, ऑपरेशनं, कुत्र्याचं नाव, सासूशी पटतं की नाही. त्यांतल्या अर्ध्याअधिक लोकांनी विमा अजून उतरवलाच नव्हता. ते उतरवतील या भरवशावर तर हिसाएचं म्हातारपण उभं होतं. खोटं कशाला बोला, पोटच्या मुलाचा वाढदिवससुद्धा ती डायरीत बघून सांगायची.

तर ही डायरी कुणीतरी उघडली होती. कोणी, हेही तिने ऑफिसला पोचेपर्यंत ठरवून टाकलं. समोरच्या टेबलावरची नागिसा ओबाता. वय सव्वीस, हिसाएनेच हाताला धरून काम शिकवलेली. दोन डायऱ्यांना मधे वायर लावली की एकीतलं सगळं दुसरीत उतरतं, हे हिसाएला माहीत होतं. आणि मागे एकदा त्या पोरीने विचारलं होतं, "मुकाई-सान, यात किती नावं मावतात हो?" तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता त्या प्रश्नाचा वेगळाच अर्थ लागला.

हिसाएने डायरीच्या कुलपाचा, म्हणजे ती उघडायचा गुप्त आकडा बदलला. आठवड्यात तीनदा बदलला. मग एकदा मुद्दाम डायरी टेबलावर ठेवून ती चहाच्या खोलीत गेली आणि दाराच्या फटीतून बघत राहिली. नागिसा फडकं घेऊन आली, डायरी उचलली, खालचं टेबल पुसलं, डायरी होती तशी ठेवली. सकाळी सगळ्यांची टेबलं पुसायची पाळी तिचीच होती.

"पुसायचं निमित्त बरं सापडलंय," हिसाए पुटपुटली.

त्या दिवसापासून डायरी स्वेटरच्या आत गेली. जेवताना आत, संडासात आत. सोबतच्या बाया हसल्या. "मुकाई-सानना अंडं उबवायचंय वाटतं!" हिसाएने कोण जास्त हसतंय तेवढं लक्षात ठेवलं.

जूनमध्ये पडदा फिका पडला. दरवर्षी सेल बदलायला ती स्टेशनामागच्या यानोंच्या विजेच्या दुकानात जायची. म्हातारा आधी दोन मोठे सेल बदलायचा, मग आठवण राखणारा तिसरा छोटा. मधे डायरी लावून बघायचा, डोकं खाजवायचा, आणखी एकदा बघायचा. पण यानोंची भाची नागिसाच्या वर्गात होती म्हणे. हिसाएने नुसते सेल विकत घेतले आणि घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून स्वतःच बसली. मोठे दोन काढले. हातात स्क्रू-ड्रायव्हर होताच, एकदाच काय ते उरकू म्हणून छोटाही काढला. नवे तीन बसवले. पडदा झकास लागला, नव्यासारखा. त्यावर आलं: आजची तारीख भरा.

तिने तारीख भरली आणि पत्ते उघडले. एकही नोंद नाही.

ती डायरी घेऊन तशीच दुकानात धावली. यानोंनी चष्मा वर केला. "मुकाई-सान, दोन्हीकडचे एकदम काढले?"

"काढले."

"डायरीच्या मागच्या बाजूला लिहिलंय की, असं करू नका म्हणून."

"मागची अक्षरं मुंगीएवढी आहेत. आता काय करायचं ते सांगा."

"काही नाही करायचं. वीज तुटली, आठवण गेली. नवीच घ्या म्हटलं असतं, पण मीच आणायची बंद केलीय. पोरं फोनमध्ये लिहितात हल्ली. खोकंभर जुन्या पडल्यात आत, फुकट नेता का?"

परतीच्या बसमध्ये हिसाए हात मांडीवर ठेवून बसली होती. दोन थांबे गेले आणि ती ताठ झाली. नक्कल आहे की! नागिसाकडे आहे. त्या पोरीने चोरली असेल तर सहाशे बाराही माणसं जिवंत आहेत. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चोर निघावं असं हिसाएला मनापासून वाटलं.

तिने नागिसाला ऑफिसच्या जिन्यात गाठलं. "माझ्या डायरीची नक्कल मला परत दे. मी साहेबांना सांगणार नाही."

"कसली नक्कल?"

"हामागुचींच्या म्हाताऱ्यांना कार्ड पाठवलंस ना?"

"मुकाई-सान, कार्डं एप्रिलपासून टोकियोहून जातात. मुख्य ऑफिसातला कॉम्प्युटर छापतो. परिपत्रक फिरलं होतं. तुमचा शिक्का आहे त्याच्यावर."

असणारच. परिपत्रक समोर आलं की नावाचा शिक्का उमटवून पुढे सरकवायचं; आत काय लिहिलंय ते बघायला वेळ कुणाला आहे? म्हाताऱ्यांचा विमा वीस वर्षांचा जुना, त्यांची तारीख टोकियोलाही होतीच.

"मग त्या कॉम्प्युटरमध्ये माझी सगळी माणसं..."

"विमा उतरवलेल्यांच्या तारखा आहेत. बाकी काही नाही."

"तू घेतली नाहीस?"

"नाही."

"नीट आठव. मी रागावणार नाही, नागिसा-चान."

नागिसाने आपली बॅग पायरीवर उपडी केली. गोळ्या, रुमाल, फोन, एक छोटी वही. हिसाएने वही उचललीच. एकतीस नावं.

"दोन वर्षांत एकतीस?"

"मला कोण आत सोडतंय? फाटकावरचा माणूसच हाकलतो. आणि नाव विचारलं की लोक म्हणतात, तुला कशाला हवंय? तुम्हाला लोक सांगायचे, ते दिवस वेगळे होते." तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. "महिनाभर तुम्ही मला चोर समजत होतात, होय ना? तरीच चहा देणं बंद केलंत."

माफी मागायला हवी होती. हिसाएने वही झटकून परत दिली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोरी वही घेऊन हामागुचींकडे गेली. सुरुवात ओळखीच्या घरापासून करावी हे बरं. चहा आला.

"सूनबाईंचा वाढदिवस केव्हा असतो हो?"

"म्हणजे? गेल्या वर्षी तुम्हीच फुलं आणली होती की."

"डायरीतलं सगळं गेलं माझ्या."

हामागुचींच्या बायकोने कप खाली ठेवला. "गेलं म्हणजे? आमचं सगळं होतं ना त्यात? मामंजींच्या ऑपरेशनचं? सूनबाई माहेरी जाऊन राहिली होती, तेसुद्धा?"

"पुसलं गेलं. सेल काढले आणि पुसलं गेलं."

"पुसलं गेलं, की कुणी नेलं?"

"कुणी नाही नेलं. शपथ."

"तुम्हाला कसं कळणार, मुकाई-सान? नेणारा सांगून नेतो का?"

ही नजर हिसाएला चांगली ओळखीची होती; महिनाभर तिने स्वतःच ती वापरली होती. अशा नजरेपुढे शपथा चालत नाहीत, पुरावेही चालत नाहीत. तिने चहा संपवला, सोबत आलेला केकचा तुकडाही खाल्ला. हामागुचींच्या बायकोने हवापाण्याच्या खूप गप्पा मारल्या आणि फाटकापर्यंत पोचवायला आली. सुनेची तारीख तिने शेवटपर्यंत सांगितली नाही.