हॅशच्या मागं लिहिलेलं गाव

सगळं आयुष्य सेटिंग लावण्यात घालवून शेवटी स्वतःच्याच हातानं एवढं वाटोळं करून घेतलेला माणूस मी आमच्या साडूंशिवाय दुसरा पाहिला नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे नवरे. मुक्काम सास्तूर, नोकरी जनावरांच्या दवाखान्यात. आठवडाभर गाईम्हशींना इंजेक्शनं द्यायची आणि रविवारी अंगणातल्या बाजेवर मांडी घालून लॅपटॉप उघडायचा. पन्नाशीचा बाप्या व्हिडिओ गेम खेळतो म्हणून भावकीनं आधी पोटभर हसून घेतलं. "खेळत न्हाय ओ, मॉड बनवतोय," असं ते प्रत्येकाला सांगायचे, आणि मग ऐकणारा आणखी हसायचा. ठोकळे रचून जग उभं करायचा तो गेम. त्यात आपल्या पदरची भर घालायची, तिला म्हणायचं मॉड. घर किती ठोकळ्यांचं, दार कुठल्या तोंडाचं, आडाला पाणी किती, हे सगळं प्रोग्राममध्ये न कोंबता एका वेगळ्या साध्या फाईलीत लिहायचं, आणि ती फाईल वाचायला-लिहायला जावा भाषेतली एक आयती लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला प्रोग्राम, जोडायची. हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय, की येरमाळ्याच्या शाळेत भूगोल सोडून मी आता हेच शिकवू शकेन.

बरं, हे खूळ लॅपटॉपात राहिलं असतं तर कुणाचं काय जात होतं? पण ते घरात शिरलं. प्रत्येक गोष्टीला किमान हवं, कमाल हवं, आणि कुणी काहीच सांगितलं नाही तर आपोआप धरायचं ते डिफॉल्ट हवं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवला: चहा, साखर, किमान एक चमचा, कमाल तीन, डिफॉल्ट दोन. एकदा आमटी खारट झाली तर म्हणाले, "मिठाला कमाल मर्यादा लावली असती तर ही वेळ आली नसती." मेव्हणी म्हणाली, "मर्यादा मी लावते. उचला ताट." पुढं तीन दिवस त्यांनी दवाखान्याशेजारच्या हॉटेलात भजी खाल्ली. एका शेतकऱ्याचा बैल चारा खाईना, तर ह्यांचा फोनवर सवाल, "रोज किती खातो ते आधी सांगा, डिफॉल्ट कळल्याबिगर बिघाड कसा कळंल?" तो बिचारा रडकुंडीला येऊन म्हणाला, "डाक्टर, बैल हाय ओ त्यो, मोबाईल न्हाय!" डॉक्टर नाहीत ते, पण सगळे म्हणतात. बैल मात्र बरा झाला, हे सांगायला हवं.

मीही हसायचो. एका रविवारी त्यांनी मला बाजेवर बसवून ते मॉड दाखवलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. पडद्यावर सास्तूर होतं. आत्ताचं सरळ रस्त्यांचं नव्हे, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधीचं. वाकड्यातिकड्या गल्ल्या, माळवदं, पार, आड. साडू तेव्हा शिकायला बाहेरगावी होते म्हणून वाचले. त्यांचे वडील, म्हणजे तात्या, मातीतून निघाले. आई निघाली नाही. तात्यांना गावातलं घर अन् घर पाठ होतं. त्यांनी सांगायचं आणि ह्यांनी फाईलीत लिहायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. घाई होती, कारण तात्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. कधी जेवलेलं विसरायचे, कधी सुनेचं नाव.

फाईलीत हॅशची, म्हणजे # अशी, खूण करून लिहिलेली ओळ मशीन वाचत नाही; ती माणसानं माणसासाठी लिहायची असते. साडूंनी तात्यांचं बोलणं त्या ओळींत घातलं. कुणाचं घर, दारात कोण बसायचं, कुणाची म्हैस मारकी, कुणाच्या घरी पुरणपोळीला वास कसा यायचा. मी म्हणालो, "हे एखाद्या वहीत लिहा की." तर म्हणाले, "वही हरवती, साडूभाऊ. फाईल कुठं जातीय?"

पुढं त्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि ह्यांनी ती आनंदानं जोडली. ती फाईल वाचायची, काही राहिलं असेल तर डिफॉल्ट भरायची आणि सगळं नीटनेटकं करून पुन्हा लिहून ठेवायची. "बघा कशी चकाचक केली," म्हणून फोनवर माझं डोकं खाल्लं. नंतरच्या रविवारी गेलो तेव्हा मीच सहज विचारलं, "त्या लोहाराच्या दारातल्या दगडावर कोण बसायचं म्हणाला होतात?" बघायला म्हणून त्यांनी फाईल उघडली. भिंती होत्या, दारं होती, आडाचं पाणीसुद्धा होतं. हॅशची एक ओळ शिल्लक नव्हती. मशीनच्या कामाचं नाही म्हणून लायब्ररीनं ते लिहिलंच नव्हतं. पेनड्राइव्हवर नक्कल होती, पण तिच्यावर रोज संध्याकाळी ताजी फाईल चढवायचा ह्यांचा नेम. शिस्तीनं, न चुकता, ह्यांनी तीही पुसली होती. काय बोलायचं अशा माणसाला! ते नुसते वरखाली फाईल सरकवत राहिले आणि पुटपुटले, "लायब्ररीच्या पुस्तिकेत लिहिलं हुतं ओ. म्याच वाचलं न्हाय."

पुन्हा सगळं विचारून घ्यावं म्हणून तात्यांना बाहेर आणून बाजेवर बसवलं. साडू बटणं दाबून पडद्यावरच्या गावातून चालू लागले आणि तात्या वाट सांगू लागले. वाट एकदम चोख. "हितनं वळ. आता पाराच्या उजव्या अंगानं." एका उंबऱ्याशी तर खेकसले, "चपला काढ की रं!" साडूंनी खरंच पायातल्या चपला काढल्या.

"तात्या, हे कुणाचं घर?"

तात्यांनी मान पुढं काढून पाहिलं. "आपलंच की."

"आन् हे शेजारचं?"

"ते बी आपलंच."

सगळ्या गल्ल्या झाल्या. प्रत्येक दाराला तेच उत्तर, आणि तेही असं, की विचारणाऱ्यालाच वेडा ठरवावं. शेवटी साडूंनी डोळे पुसले, मेव्हणीसमोर पुसले, आणि फाईलीत मालक म्हणून नवा रकाना पाडला. हॅशच्या मागं नाही, मशीनला वाचावंच लागेल असा. एकाही घरापुढं मालकाचं नाव भरलं नाही. डिफॉल्ट तेवढं लिहिलं, "आपलंच". मग प्रोग्राम चालवला. लायब्ररीनं फाईल वाचली आणि मुकाट्यानं घराघरापुढं ते लिहून काढलं. मी पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत वाचत गेलो.

तात्याही चष्मा सावरून बघत होते. एकदम म्हणाले, "मंग ऱ्हायाला कवा जायाचं?"

ज्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीचं डिफॉल्ट तयार असतं ते आमचे साडू उठले आणि चहा सांगायला आत गेले. तात्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"जाऊ की तात्या," मी म्हणालो, "ऊन उतरू द्या जरा."