पूर कधीतरी, जिना रोज

चार माणसं वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसली, की किस्से साठवावे लागत नाहीत. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते आपोआप साठतात आणि एखाद्या दिवशी काढायला जावं तर सगळे अंगावर येतात. आमचा बाक रंकाळा तलावाच्या काठावर आहे. सकाळी फेरी मारून आम्ही तिथं टेकतो.

चौघांची ओळख करून देतो. मी मोजणी खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे गावात कुणी वीतभर जागा घेतली तरी मला विचारतात. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. इस्माईलभाईंचं शिलाईचं दुकान आहे. आणि आप्पा. आप्पा इचलकरंजीच्या मागांच्या शेडमध्ये चाळीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. त्यांच्या पत्नी, सुशीलावहिनी, त्याच शेडमध्ये कांड्यांवर सूत भरायच्या. सुताची धूळ खाऊन वहिनींच्या छातीचा भाता झाला. दवाखाना जवळ हवा म्हणून दोघं कोल्हापूरला आली. अकरा भाड्याच्या खोल्या झाल्या, आता बाराव्यांदा सामान बांधायचं ते स्वतःच्या घरासाठीच, असं आप्पांनी ठरवलं होतं.

पुढचे सगळे किस्से त्या घराचेच आहेत.

* * *

सरांना स्टोइक लोकांचं फार वेड. हे जुने ग्रीक-रोमन विचारवंत. सर सांगायचे, "जगात दोनच प्रकारच्या गोष्टी. एक आपल्या हातातल्या, दुसऱ्या हाताबाहेरच्या. दुसऱ्यांचं दुःख करायचं नाही." हे आम्ही इतक्यांदा ऐकलं, की इस्माईलभाई कापड बेतताना गिऱ्हाइकांनाही ऐकवायचे.

एकदा सरांच्या साखरेचा रिपोर्ट आला. साखर बरीच वर गेली होती. सर तीन दिवस फिरायला आले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते तोंड पाडून, कुणाशी बोलेनात.

इस्माईलभाई शांतपणे म्हणाले, "सर, रिपोर्ट आपल्या हातात नव्हता, मान्य. पण जिलेबी हातातच होती की."

सर हसले, आणि त्या दिवसापासून त्यांनी गोड सोडलं. शहाणपण पुस्तकात असतं हे खरं, पण ते आत शिरायला शेजारी फटकळ माणूस लागतो, असं माझं मत आहे.

* * *

आप्पांनी पहिलं घर बघितलं ते नदीकडच्या खालच्या गल्लीत. तळमजला, पुढं ओटा, दारात जास्वंद. नुकताच रंग दिलेला. मला नवा रंग दिसला की संशय येतो. माझं लक्ष विजेच्या मीटरकडे गेलं. गल्लीतल्या प्रत्येक घराचं मीटर माणसाच्या डोक्याच्याही वर बसवलेलं. हौस म्हणून कुणी मीटर इतकं वर नेत नाही.

एजंट म्हणाला, "पावणं, पुराचं पाणी गल्लीच्या तोंडापर्यंतच आलतं. आत न्हाय."

शेजारच्या पायरीवर एक म्हातारी भांडी घासत बसली होती. मी विचारलं, "मावशी, पाणी कुठवर आलतं?" तिनं राखेचा हात कपाळाला लावला.

एजंट घाईनं म्हणाला, "त्या बसल्यात म्हणून तसं वाटतंय."

म्हातारी सावकाश उठली, कंबर सरळ केली आणि तोच हात पुन्हा कपाळाला लावला.

* * *

दुसरं घर कळंब्याकडच्या चढावर. जुनी इमारत, दुसरा मजला, वारा खेळता, कागदपत्रं स्वच्छ. पूर तिथवर यायचा तर अर्धं कोल्हापूर बुडावं लागेल. पण लिफ्ट नाही. छत्तीस पायऱ्या. लिफ्टची इमारत आप्पांना परवडत नव्हती.

मी म्हणालो, "आप्पा, हेच घ्या. खालच्या घराचं नाव काढू नका."

आप्पा मागाच्या खडखडाटावर मात करायला शिकलेल्या आवाजात म्हणाले, "मोजणीवालं, पूर पाच-धा वर्सांनी कवातरी येतो. जिना रोज हाय. तिला दहा पायऱ्यांत दम लागतोय. वर न्हेऊन कोंडून घालू व्हय?"

मी चिडलो. माणसाला पुढचं दिसत नाही म्हणून चिडलो, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं म्हणून जास्त चिडलो. दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. सरांनी मात्र ते वाक्य माझ्याकडून पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "कुठलं हातातलं आणि कुठलं हाताबाहेरचं, हे सांगणं सोपं नाही रे."

* * *

एक गोष्ट सांगायला नको होती, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. खुद्द आप्पांच्या छातीत दुखायचं. इस्माईलभाईच त्यांना धरून डॉक्टरांकडं घेऊन गेले. हृदयाचं निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी बजावलं, जड काही उचलायचं नाही.

आप्पांनी आम्हाला शपथ घातली. "तिला कळता कामा न्हाय. तिचा जीव आधीच एवढासा हाय."

गोळ्या इस्माईलभाईंच्या दुकानात ठेवल्या. आप्पा रोज फेरीनंतर तिथं जायचे, पाण्याचा घोट घ्यायचे आणि घरी जायचे. इस्माईलभाई एकही नमाज चुकवत नाहीत, तशी त्यांनी ती गोळीही कधी चुकू दिली नाही. आप्पा आले नाहीत तर शर्टाच्या मापाचं निमित्त करून त्यांच्या खोलीवर जायचे. वहिनी एकदा म्हणाल्या, "भाई, ह्यांचं माप किती येळा घेतासा? वाढतं वय हाय का आता?"

* * *

सरांनी एकदा आम्हाला स्टोइकांचा एक अभ्यास सांगितला. रोज सकाळी आपली प्रिय वस्तू आपल्याजवळ नाही अशी कल्पना करायची. म्हणजे ती गेली तर माणूस मोडत नाही, आणि आहे तोवर तिची किंमत कळते.

आप्पा त्याच दुपारी खालच्या घराची किल्ली मागून घेऊन आत जाऊन बसले. एकटेच. तासाभरानं बाहेर आले आणि थेट सरांच्या घरी गेले. मी तिथंच होतो.

"सर, केला तुमचा अभ्यास," आप्पा म्हणाले. "ती न्हाई असं धरून बसलो. दोन खोल्यांचं घर, पर लई मोठं झालं ओ. मला बाहीर यायचं दार गावंना."

सरांनी त्यांचा हात धरला. मला तर तिथं बसवेना. सरांनी तो अभ्यास पुन्हा कुणाला सांगितला नाही.

* * *

तरी आप्पांनी खालच्याच घराचा विसार द्यायचं ठरवलं. जिना रोज होता ना. आदल्या दिवशी वहिनी अडून बसल्या. "आधी ते वरचं मला एकदा दावा."

आप्पांनी नको नको म्हटलं. शेवटी मलाही बरोबर घेऊन तिघं कळंब्याकडं गेलो. रिक्षातून उतरतोय तोवर वॉचमन प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन पुढं आला.

"काकू, आज एकट्या न्हाईसा?"

आप्पा बघतच राहिले. वॉचमन म्हणाला, "रोज दुपारी येत्यात की. महिना झाला. पैल्यांदा नवव्या पायरीवर बसून परत जायच्या. परवा वरपर्यंत गेलत्या."

दुपारी आप्पा झोपायचे तेव्हा शेजारणीकडं जाते म्हणून वहिनी निघायच्या, त्या रिक्षा करून इथं यायच्या. वॉचमन खुर्ची घेऊन पुढच्या वळणावर ठेवायचा. वहिनी नऊ पायऱ्या चढायच्या, बसायच्या, छाती शांत झाली की पुढच्या नऊ.

तशाच त्या आजही चढू लागल्या. एक पायरी, एक श्वास. मागं आप्पा, त्यांच्या मागं मी. सत्तावीस पायऱ्या झाल्या. वहिनी खुर्चीवर बसल्या. आप्पांचा चेहरा घामानं भिजला होता.

"कशापायी हे? खालचं घर तुझ्यासाठीच बघितलंय की," आप्पा म्हणाले.

वहिनींनी आधी श्वास गोळा केला.

"आन् पूर आला म्हंजे? मला उचलून कोण न्हेणार? तुमीच की. सा म्हैनं झालं, तुमी डाव्या हातात पिशवी धरत न्हाईसा. जिथं तिथं बसतासा. इचारलं न्हाई म्हंजे मला कळत न्हाई व्हय?"

वहिनी कठड्याला धरून उठल्या आणि खुर्ची आप्पांकडं सरकवली.

"बसा. दम तुमाला लागलाय. अजून नऊ पायऱ्या हायत."