आईची पात

आईची सावड मी रोजानं लावलेल्या बाईकडून फेडायला गेलो. हा मूर्खपणा माझा एकट्याचा. त्यात दुसऱ्या कुणाचा सल्ला नव्हता, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी दौंडला एका कचेरीत कारकून होतो आणि शनिवारी एस.टी.नं निमोण्याला घरी येत असे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन एकर रान आई एकटी ओढायची. एकटी म्हणजे आळीतल्या पाच जणींच्या सावडीवर. आज त्या पाच जणी हिच्या भुईमुगात खुरपायला, उद्या ही त्यांच्यात. प्रत्येकीनं आपल्या वाट्याच्या ओळींची पात धरायची, उकिडवं बसून तण काढत पार बांधापर्यंत जायचं. मागं राहिलेलीची पात बाकीच्यांनी समोरून येऊन उरकायची. आणि दुसरीनं आपल्या रानात गाळलेला घाम आपणही तसाच फेडायचा.

आई साठीच्या पुढं गेली होती. शनिवारी मी यायचो तेव्हा ती गुडघ्यांना तेल चोळत बसलेली असे. मला तिची दया यायची, पण खरं सांगायचं तर दयेपेक्षा लाज जास्त. कारकुनाची आई दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन बसते, हे माझ्या नव्या पँटला शोभत नव्हतं. तिची चार दिवसांची फेड बाकी होती. मी पलीकडच्या वस्तीवरची एक बाई रोजानं ठरवली, सोमवारी सकाळी तिला परस्पर थोरल्या आक्काच्या रानात धाडली आणि आईला ‘आता तू आराम कर’ असं सांगून दौंडची गाडी पकडली. कचेरीत दोघातिघांना हे मोठ्या ऐटीत सांगितलंही.

आक्का त्या पाच जणींत सगळ्यात वडील. आईपेक्षाही चार वर्षांनी मोठी. तिनं त्या बाईला बांधावरूनच माघारी लावलं. भांडण नाही, निरोप नाही. आईची पात तेवढी कुणाच्या तरी सुनेला देऊन टाकली. पुढच्या शनिवारी आई मला एवढंच म्हणाली, “बरं केलंस. आता बसते.”

आणि ती बसली. ओसरीवर पोतं टाकून सकाळपासून बसायची. पहिला महिना मला बरं वाटलं. दिवाळीपर्यंत तिला उठताना भिंत लागायला लागली. संक्रांतीला रांजणातून तांब्या भरायलाही कुणाचा तरी हात लागे. पूर्वी मी आलो की पातीत कोण काय बोललं, कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली, हे सगळं जेवण होईपर्यंत ऐकावं लागायचं, आणि मी कंटाळायचो. आता ती मला गाडी किती वाजता आहे ते विचारी, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारी.

शिरूरच्या डॉक्टरांकडं नेली. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, पूर्वी काय काम करायच्या म्हणून विचारलं, मग ते का सोडलं, तेही विचारलं. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. डॉक्टर म्हणाले, चालवा त्यांना.

मग दर रविवारी घर ते चावडी आणि परत, अशी मी तिला चालवायचो. तिला त्याची भारी लाज. “मोकळ्या हातानं कुठं चालायचं? लोक इचारत्यात, कुठं निघालीस, तर काय सांगू?” शेवटी ती काखेत एक रिकामी पाटी घेऊन निघायची, कामाला चालल्यासारखी दिसावी म्हणून. चावडीपासून परत येईपर्यंत दोनदा टेकायची. मीही टेकायचो. एवढ्याशा वाटेनं माणूस इतकं शिणतं, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षी खुरपणी आली तेव्हा मी रजा काढली आणि आक्काकडं गेलो. ती शेंगा निवडत होती. तिनं मला बस म्हटलं नाही. चुकलं माझं, आईला परत सावडीत घ्या, असं मी उभ्यानंच सांगितलं.

“सावड पैशानं फिटत न्हाई,” ती म्हणाली. “चार दिसांची फेड हाय अजून. तिला बसवत नसंल, तर घरातलं दुसरं माणूस यिऊ दी.”

घरातलं दुसरं माणूस मीच होतो.

दुसऱ्या दिवशी आईला आक्काच्या बांधावर बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पात धरली. बायका बघता बघता पुढं गेल्या. माझी कंबर तासाभरात गेली, पण मागं वळून पाहिलं की पात अशी स्वच्छ दिसे की मलाच माझं कौतुक वाटे.

आई बांधावरून कधी उतरली, मला कळलं नाही. पाहिलं तर ती माझ्या मागं मातीत बसलेली, आणि उपटलेली रोपं परत लावून हातानं माती दाबत होती.

“तरोटा ठिवलास आन् शेंग उपटलीस,” ती हळूच म्हणाली.

तरोट्याचं तण आणि भुईमूग, कोवळेपणी दोन्हींची पानं सारखीच दिसतात, निदान कारकुनाला तरी. तिनं माझ्या हातातलं खुरपं घेतलं. उकिडवं बसणं तिला जमेना. एक पाय लांब करून ती बसल्या बसल्या सरकत राहिली. दर हातभर अंतराला थांबायची, श्वास घ्यायची. ऊन उतरेपर्यंत तिची अर्धी पात झाली. उरलेली अर्धी त्या पाच जणी समोरून खुरपत आल्या आणि तिला येऊन भेटल्या.

गुडघे तिचे पुढंही कधी पुरते मोकळे झाले नाहीत. त्या संध्याकाळी माझ्या खांद्यावर भार टाकून ती पाय ओढत घरी निघाली. पण वाटेत, दमलेल्या आवाजात, कुणाची म्हैस व्यायली ते सांगत होती. मी सगळं ऐकलं.

आमच्या दारापाशी आक्का थांबली. आईला म्हणाली, उद्या जमंल तेवढंच कर, पर ये. मग माझ्याकडं वळली.

“तू नगं येऊस. तुझ्यापरीस ती रोजाची बाई बरी व्हती. तिला तरोटा तरी कळत व्हता.”