तुझे मुडदे तू धू

तुमच्या घरातली बाई उद्या वारली तर तिला शेवटची आंघोळ कोण घालणार, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलंय? कबर कोण खणतो ते तुम्हाला माहीत असतं. कफनाचं कापड कोणत्या दुकानात मिळतं तेही माहीत असतं. पण आमच्यात मय्यतीला गुसल द्यावं लागतं, म्हणजे रीतीप्रमाणे आंघोळ घालावी लागते, आणि मय्यत बाईची असेल तर ते काम बाईनंच करायचं असतं. परक्या पुरुषाचा हात तिथे चालत नाही. बहुतेक मोहल्ल्यांत हे काम एखादीच बाई करते, आणि ती आहे तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

जाफराबादला आमच्या मोहल्ल्यातली ती बाई म्हणजे खाला. बायका, पोरं, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा तिला खालाच म्हणायची. नवरा कधीच वारला होता. एक मुलगी होती. खाला लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची आणि मय्यतीचा निरोप आला की वेचणी टाकून यायची. बोरीचा पाला टाकून पाणी तापवायची आणि घालण्याआधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायची, लहान लेकराच्या आंघोळीचं बघतात तसं. एकदा कुणीतरी म्हणालं, "खाला, मुडद्याला काय कळतंय गरम की गार?"

"त्याला नसंल कळत. मला कळतं ना."

पडद्याआड ती मेलेल्या बाईशी बोलायची. "चल बाई, आज तरी निवांत आंघोळ कर. आज तुला कुणी हाक मारणार नाही." ती दखनीत बोलायची. मी मराठीत लिहितोय, त्यात धार थोडी उतरली असेल.

तिच्या मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपारी रक्त थांबेना. एसटी निघून गेली होती. जालन्याला न्यायला जीप ठरवली. जीपवाल्यानं आधी बसलेली माणसं उतरवली, तेव्हा त्यातल्या दोघांनी कुरकुर केली. मुलगी अर्ध्या वाटेवर गेली. पोटातलं बाळही गेलं. जीप तिथूनच वळवून आणली.

गुसल देणारी दुसरी बाई नव्हती, म्हणून लेकीला खालानंच आंघोळ घातली. बाहेर बायका बसल्या होत्या. नवी बाई आली की पडद्याकडे तोंड करून म्हणायची, "सब्र करो, सब्र करो," आणि जागा बघून बसायची. आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. शेवटचं कापराचं पाणी झालं. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग खाला, आवाज न चढवता, म्हणाली, "ऐ अल्लाह, तुझ्या घरी पोरी कमी पडल्या होत्या का? हा माझ्या हातचा शेवटचा मुडदा. आजपासून तुझे मुडदे तू धू."

बायकांनी कानाला हात लावले. मय्यत कबरस्तानात पोचायच्या आधी ते वाक्य गावभर पोचलं होतं.

आता माझं सांगतो. अब्बा आठवडी बाजारात अत्तर, सुरमा, तसबी म्हणजे जपाच्या माळा, आणि दीनी, म्हणजे धर्माची, पत्रकं विकायचे. शाळेच्या पुस्तकांआधी मी ती पत्रकं वाचली. चार पानी, आठ पानी. कबरीत काय होतं, नमाज सोडणाऱ्याचं काय होतं, सब्राचं फळ काय मिळतं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं आणि उत्तर आठव्या पानाच्या पुढे जायचं नाही. एकोणिसाव्या वर्षी मला वाटायचं, दीन म्हणजे एवढंच, आठ पानं, आणि ती मला पाठ आहेत.

खालाचं वाक्य ऐकलं आणि मी पत्रक लिहिलं. मराठीत लिहिलं, कारण आमच्या वयाची पोरं उर्दू वाचताना अडखळायची. नाव घातलं नाही. 'आपल्या वस्तीत मुडदे धुणारी एक बाई' असं लिहिलं, मग नाव घालायची गरजच उरली नाही. लिहिलं की अल्लाहवर राग धरणं म्हणजे ईमानातून पाय बाहेर टाकणं. लिहिलं की अशा बाईच्या घरचं पाणी पिणाऱ्यानं आणि तिच्या मय्यतीला जाणाऱ्यानं आधी आपल्या ईमानाची फिकीर करावी. शेवटी पैगंबरांचं वचन घातलं, की खरा सब्र तो, जो पहिल्या धक्क्याला केला जातो. ते अब्बांच्याच एका पत्रकातून उचललं होतं. बसस्टँडजवळ झेरॉक्स काढल्या आणि जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजीनंतर वाटल्या. एक तिच्या दारावर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारावरून जात होतो. तिनं हाक मारली. "बेटा, तू शिकलेला आहेस. हे काय चिकटवलंय बघ. सगळे थांबून वाचतात आणि मला कुणी सांगत नाही."

तिला वाचता येत नव्हतं. मी तिच्या दारात उभा राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मुद्दाम सावकाश वाचलं. तेव्हा मला वाटत होतं की मी खऱ्या दीनाची गोष्ट सांगतोय. ती उंबऱ्यावर बसून ऐकत होती. पत्रक संपलं तेव्हा म्हणाली, "चांगलं लिहिलंय. कोणी?"

"मी."

"अच्छा." तिनं माझ्या चपलांकडे बघितलं. "तुझ्या दादीला मी धुतलं होतं. केसांचा पार गुंता झाला होता, आजारात कुणी विंचरलेच नव्हते. किती वेळ बसले सोडवत. ओढला नाही एक केस."

मी म्हणालो, "खाला, तौबा करा. तुम्ही नमाजसुद्धा सोडली म्हणतात."

"सोडली कुठे? अजान झाली की बसते ना जानमाज अंथरून. बसते, वाकत नाही. त्याला म्हणते, आधी सांग का नेलीस, मग वाकते. पाच वेळा म्हणते रोज." मग ती उठली. "अल्लाहला मला काही सांगायचं असलं तर माझं घर त्याला माहीत आहे. तू कशाला डाकिया होतोस?"

कागद तिनं दारावरून अलगद सोडवला, कोपरे फाटू न देता. मला वाटलं, घाबरली.

पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी बघत होतो. हापशावर तिची घागर मागे सरकवली जायची. वेचणीच्या टोळीत तिला कडेची सरी मिळायची, म्हणजे तिच्या शेजारी कुणाला चालावं लागायचं नाही. ईदला तिच्या घरी शिरखुर्म्याची वाटी गेली नाही, आमच्याही घरून नाही. पोरं तिच्या दारापुढून पळताना ओरडायची, "खाला, मुडदा आला, मुडदा आला," आणि ती दरवेळी बाहेर येऊन बघायची. दरवेळी. मोहल्ल्यात मय्यत झाली की शेजारच्या गावाहून दुसरी बाई जीपनं आणू लागले. ती बाई घाईत असायची, पाणी गारच घालायची. तरी लोक म्हणायचे, ईमानवाली तर आहे. लिखाणाचा एवढा असर होतो, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

मशिदीचे इमामसाहेब म्हातारे होते. त्यांनी एकदा मला हौजाजवळ थांबवलं. हातात माझं पत्रक होतं. "मियाँ, हे वचन कुठं, कुणाला सांगितलं होतं, माहीत आहे?"

"पत्रकात होतं."

"पत्रकात होतं," ते म्हणाले. "मंग ऐक. एक बाई कबरीवर बसून रडत होती. पैगंबर तिथून चालले होते. म्हणाले, अल्लाहचं भय धर, सब्र कर. तिनं वर बघितलंही नाही. म्हणाली, हो बाजूला, माझ्यावर कोसळलंय ते तुझ्यावर कोसळलेलं नाही. कोण बोलतंय ते तिला ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी काय केलं?"

मला माहीत नव्हतं.

"निघून गेले. बस. वाद न्हाई, धमकी न्हाई, तिच्या दारावर कागद न्हाई. नंतर तिला कुणीतरी सांगितलं की ते कोण होते. ती त्यांच्या दारात गेली, माफी मागायला लागली, तेव्हा तू छापलंस ते वाक्य ते बोलले. शेवटची ओळ तुझ्या कागदावर आहे. ते गप निघून गेले, ते कुठंय?"

मी चिडलो. म्हणालो, "म्हणजे खाला बोलली ते बरोबर होतं?"

"चुकीचं होतं. पण कुणाला बोलली? त्यालाच ना? जो न्हाईच असं वाटतं, त्याच्याशी कोण भांडतं? एका पैगंबरांचे डोळे लेकासाठी रडून रडून पांढरे झाले. ते म्हणायचे, मी माझं दुःख अल्लाहपाशीच बोलतो. ही पण त्याच्याच दारात ओरडून राह्यली होती. तू तिला तिथून हुसकलंस."

मी म्हणालो, "पूर्ण गोष्टीचं दुसरं पत्रक काढतो."

"कधी?"

"येत्या जुम्म्याला."

येत्या जुम्म्याला मी ते काढलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. खालाच्या दारात जाऊन तोंडी सांगता आलं असतं, तेही केलं नाही. चूक कळली होती. ती आपल्याच हातानं लिहून लोकांच्या हातात द्यायची लाज वाटत होती. एका बाईला वस्तीतून तोडायला मला एक दिवस लागला होता. जोडायला मी पाच महिने सवड शोधत होतो.

मग खाला वारली. तिच्या भिंतीला भिंत लागून एका शेतकऱ्याचं घर होतं. त्या घरातली मावशी सकाळी आमच्या दारात आली. म्हणाली, "तुमची खाला गेली बाबा. आवाज दिला, ओ न्हाई. आत डोकावले तर चुलीजवळ पडलेली." आम्ही गेलो. जानमाज धुऊन दोरीवर वाळत घातली होती. पुढे अनेकांनी मला विचारलं, शेवटी ती वाकली होती का? मला माहीत नाही. तुम्हालाही कळायचं कारण नाही.

शेजारगावच्या बाईचा निरोप आला, ताप आहे. मग मी दारोदार गेलो. पहिल्या घरी बाई म्हणाली, "अशा मय्यतीला जाणाऱ्यानं ईमानाची फिकीर करावी, हे तूच लिहिलंस ना?" शब्द जसेच्या तसे होते, एकही इकडचा तिकडे नाही. दुसऱ्या घरी दार उघडलं नाही. तिसऱ्या घरातल्या बाईच्या सासूला खालानंच धुतलं होतं. मी म्हणालो, "ते पत्रक चुकीचं होतं, मी चुकलो."

"मंग छापून आण," ती म्हणाली. "छापून सांगितलं होतंस, छापूनच खोड. आम्ही काय, वाचणारी माणसं."

ती हसत होती. मी तिच्या दारात उभा होतो, हातपाय धडधाकट, आणि खालाला धुण्याची मला परवानगी नव्हती. बाईची मय्यत होती.

शेवटी घरी आलो. अम्मीनं माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "कुणी येत नाही ना?"

"नाही."

"मला कुठं येतं? मी फक्त दुरून बघितलंय."

अब्बांच्या पेटाऱ्यात मय्यतीच्या रीतींचं पत्रक होतं, आठ पानी. म्हणालो, "मी बाहेरून वाचतो."

खालाच्या अंगणात पडदा बांधला. मावशीनं आपल्या चुलीवर पाणी चढवलं. म्हणाली, "तुमच्यातलं मला न्हाई येत, पण पाणी तर मी देते. आमच्यात बी हैत अशा. देवाला रोज शिव्या घालून रोज दिवा लावणाऱ्या." मग पडद्याकडे बघून विचारलं, "किती गरम करू?"

पत्रकात ते नव्हतं. मी म्हणालो, "मनगटावर ओतून बघा. लेकराला चालेल एवढं."

मी वाचू लागलो. आधी उजवी बाजू. पाणी तीन वेळा. तोंडात पाणी घालायचं नाही, ओल्या कापसानं पुसायचं. केसांच्या वेण्या. मध्ये मी काहीतरी म्हणायला गेलो, बहुतेक 'हळू' असं काही. आतून अम्मीचा आवाज आला, "नुसतं वाच. तुझं काही घालू नको त्यात."

कापराची वेळ आली. खालानं पेटीत स्वतःचं कफन, बोरीचा वाळलेला पाला, कापूर, सगळं तयार ठेवलं होतं. अम्मीचा ओला हात पडद्याखालून बाहेर आला. त्यात कापराची रिकामी पुडी होती. "हे तुझं घे," ती म्हणाली. कागद माझ्या पत्रकाचा होता. चारही कोपरे शाबूत होते.

जनाज्याची नमाज इमामसाहेबांनी पढवली. एक रांगही पुरी भरली नाही. अम्मी त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. आज मोहल्ल्यात गुसल तीच देते. पत्रक तिला लागत नाही.

दुसरं पत्रक मी अखेर काढलं, पूर्ण गोष्टीचं. लोकांनी घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. कुणाला त्याचा उपयोग नव्हता. ज्या बाईला ते लागणार होतं ती मातीखाली होती.

तुमच्या गल्लीत अल्लाहशी भांडणारं एक तरी माणूस असेल. लेक गेलेलं, हात तुटलेलं, कूस न उजवलेलं. तुम्ही त्याला सब्र सांगून आला असाल. आज असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजीच्या, आधी पुन्हा त्याच्याकडे जा. ते ऊठ म्हणेपर्यंत बसा, आणि ते देवाला जे बोलेल ते ऐकून तिथेच ठेवून या. खिशात काही लिहिलेलं असेल तर घरी काढून ठेवा, मग जा.